गुलाबकाकांच्या काळजाचे फुटवे

आमच्या शेलूबाजारकडं वरात कोणाचीही असो, तिच्यापुढं नाचायचा मान गुलाबकाकांचा. मान कोणी दिला नव्हता, त्यांनीच घेतला होता. बँडवाल्याला दम द्यायचे, "वाजव रे, हात आखडू नको!" आणि धोतराचा सोगा धरून असे सुटायचे की घोड्यावरचा नवरदेव आपलं लग्न विसरून त्यांनाच पाहायचा. त्यांचं शेत माझ्या बांधाला लागून. एवढा हसवणारा शेजारी देव सगळ्यांना देवो.

या काकांना वांगी तोडता तोडता हार्ट अटॅक आला. अकोल्याला नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली, माणूस वाचला. सुटी देताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा एक तुकडा मेला आहे, जखम कोवळी आहे, काही दिवस जपा, मग हळूहळू चालायला लागा. काकांनी त्यातलं 'जपा' तेवढं घेतलं. पुढची अक्कल त्यांची स्वतःची.

वांग्याचा पहिला बहार संपला की झाड वीतभर ठेवून छाटायचं, खतपाणी द्यायचं, मग खोडाला नवे फुटवे येतात. जन्मभर हेच केलेला माणूस. काळजाचंही तसंच असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. आणि कोवळ्या फुटव्याला धक्का लावायचा नसतो. झालं! काका अंगणात बाजेवर आडवे झाले. वर रोपांवर बांधायची हिरवी जाळी. सकाळी कोवळं ऊन, दुपारी सावली. कोणी पाय आपटत आलं की जाळीखालून ओरडायचे, "हळू रे! फुटवे येऊन राह्यले!"

"अन् उठसान कवा?" आवडाकाकू विचारायच्या.

"आदर्शच्या लग्नात. डायरेक्ट वरातीत!"

आदर्श म्हणजे त्यांचा नातू. नवरी रिठदची, लग्न उन्हाळ्यात. त्या वरातीत नाचायचं म्हणून काका जीव राखून पडले होते, आणि इकडं पायांच्या काड्या होत चालल्या होत्या. न्हाणीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. काकूंना मात्र नुसती भीती वाटायची.

शेवटी काकूंनी त्यांना जीपमध्ये कोंबलं आणि मंगरूळपीरला डॉक्टर सुकेशनीकडं नेलं. सोबत मी. डॉक्टरीणबाई आमच्याच भागातल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर धडधडणारं हृदय दाखवलं. काकांनी मान उंच केली. "पाह्य व माय, पालवी दिसते का?"

"कशाची पालवी, काका?"

काकांनी वांग्याची सगळी शेती समजावून सांगितली. बाई अशा हसल्या की नर्स दारातून डोकावली. मग खुर्ची ओढून त्या जवळ बसल्या.

"काका, कातडी भरून येते, हाड जुळते. हृदयाचं तसं नाई. त्याच्या नव्या पेशी होतात, पन इतक्या कमी की मेलेला तुकडा काई भरत नाई. तिथं चिवट वण धरते. तो वण हृदयाले फाटू देत नाई, पन स्वतः रक्तही ढकलत नाई. फुटवे कसे आनाचे हे जगभर लोक शोधून राह्यले. अजून जमलं नाई."

"मंग?"

"मंग उरलेलं हृदय त्याचं काम उचलते. पन त्याले सवय लावा लागते. वण आता पक्का झाला. गोळ्या घ्या अन् रोज चाला. पडून राहाल तर हाय तेही सुस्त पडन."

घरी उतरल्यावर काका म्हणाले, "फुटनारच नसन, तर चालून काय करू?" आणि जाळीकडं वळले.

काकूंचं डोकं फिरलं. हाताला धरून त्यांनी काकांना तसंच वांग्याच्या शेतात नेलं. ओळीतलं एक झाड मर रोगानं वाळून गेलं होतं.

"हे फुटलं का?"

"नाई."

"मंग इथची जागा उघडी दिसते का?"

दिसत नव्हती. दोन्हीकडच्या झाडांनी फांद्या पसरून ती झाकली होती, आणि वर वांगीही धरली होती.

"अन् तुमी येवढे शायने, चांगल्या झाडाइचं पानीच तोडून बसले!"

काका पाहत राहिले. मग कपाळावर चापट मारून इतके हसले, इतके हसले की काकूंनी घाबरून त्यांची छाती दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी हिरवी जाळी रोपांवर गेली आणि काका चालायला लागले. आधी गोठ्यापर्यंत, मग बांधापर्यंत, मग पार फाट्यापर्यंत. काकू मागून हाकायला होत्याच.

रिठदला वरात निघाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चाला, पण उड्या मारू नका. ऐकतील ते काका कसले! सोगा धरला, दोन गिरक्या घेतल्या आणि दम लागून थांबले. हात छातीवर. बँड अडखळला. आदर्श घोड्यावरून उतरायला लागला. मी धावत खुर्ची आणली.

"काई नाई रे, नुसता दम लागला," काका म्हणाले, पण तोंड एवढंसं झालं होतं. वरातीपुढची त्यांची मोकळी जागा पाहवत नव्हती.

तेवढ्यात आवडाकाकूंनी पदर खोचला. स्वतःच्या लग्नातही जिनं मान वर केली नव्हती ती बाई बँडवाल्यावर ओरडली, "वाजव रे, हात आखडू नको!" आणि सुटली. ताल चुकत होता, गिरकी तिरपी जात होती, पण बाई थांबेना. रिठदचे पाहुणे शिट्ट्या मारायला लागले.

काका खुर्चीत बसून टाळ्या पिटत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "पाह्य रे, पाह्य! बाजूचं झाड कसं पसरून राह्यलं!"