ठमीची शेपटी कोणी फाडली?

माझे काका चष्मेवाले. दुसऱ्यांच्या डोळ्यांत डोकावण्यात त्यांची हयात गेली, पण घरात काकूचे डोळे तपासायची त्यांची टाप नव्हती. काकू हात लांब करून, मान मागे घेऊन पेपर वाचायची आणि वर म्हणायची, "हल्ली अक्षरंच बारीक छापतात." काका "हो" म्हणायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, ते काही कबूल करायचे नाहीत. त्यामुळे संसार उत्तम चालला होता.

बैठकीत काकांची खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. तिच्यात समुद्रातले दगड होते आणि दगडांच्या भोकाभोकांत कोणी ना कोणी न बोलावता मुक्कामाला आलेलं. दुकान बंद झालं की काका भिंग घेऊन या आगंतुकांची ओळखपरेड घ्यायचे. मी त्यांची पुतणी, दुकानात काचा घासते, म्हणून मलाही हजर राहावं लागे. "हा केसाळ किडा बघ. उष्टं-खरकटं खातो, गरीब आहे बिचारा."

मग पेटीतल्या गोगलगायी मरू लागल्या. वाळूत फुटक्या शंखांचा चुरा दिसायला लागला. काकूचा जीव ठमीवर, म्हणजे पट्टेरी माशावर. तिने फर्मान काढलं, "ठमीच्या केसाला जरी धक्का लागला, तर पेटी घराबाहेर!" माशाला केस नसतात हे सांगणार कोण?

गुन्हेगारही तिनेच शोधला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तो केसाळ किडाच शंख फोडत होता."

किडा फुटलेल्या शंखातलं उरलंसुरलं खात असणार, हे काकांना कळत होतं. तरी त्यांनी त्याला चिमट्याने उचलून खाऱ्या पाण्याच्या बादलीत हद्दपार केलं. बायकोच्या नजरेला खोटं ठरवायचं, तर आधी तिचा नंबर काढावा लागला असता.

दुसऱ्याच दिवशी ठमीची शेपटी फाटली. काकू पेटी न्यायला माणूस बोलवायला निघाली. काकांचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं.

"आजची दुपार दे फक्त," ते म्हणाले.

पडदे ओढले. या मंडळींना लाल उजेड म्हणे कळत नाही, म्हणून विजेरीला लाल कागद गुंडाळला. काका डोळे फाडून बघत बसले. काही दिसेना.

"झालं बघा टक्कन!" काकू म्हणाली. "डावीकडच्या खालच्या दगडात. रोजच तर होतं. तुम्हाला ऐकू येत नाही?"

काका जरा घुटमळले. "नाही येत."

तिने बोट दाखवलं, त्यांनी उजेड टाकला. भोकातून दोन डोळे वर आले.

"ठोसेबाज कोळंबी!" काका ओरडले. "मुठीने शंख फोडते!"

"मला काही दिसत नाहीये," काकू म्हणाली. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं.

बाटली कापून केलेल्या सापळ्यात माशाचा तुकडा ठेवून आम्ही कोळंबी पकडली. काकांनी दुकानातून तपासणीची चौकट आणून काकूच्या नाकावर चढवली आणि एकेक काच बदलत गेले.

"अगं बाई! एक डोळा इकडे, एक तिकडे!" काकू बाटलीला नाक लावून म्हणाली. "किती देखणी आहे! हिला टाकायचं नाही हं. वेगळी पेटी आणा."

काकांना हसू आवरेना. मग काकूने मान वळवली आणि त्याच चौकटीतून काकांकडे बघत राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"अहो, तुम्ही इतके कधी थकलात?"

काकांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

काकू त्यांच्या अगदी जवळ सरकली. "काही नाही," ती मोठ्याने म्हणाली. "बादलीतला तो किडा परत सोडा म्हटलं. त्याने काही केलं नव्हतं."