सुई जोडीनंच

चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या टापूत लाज कोळून प्यालेला एकच सज्जन माणूस होऊन गेला, आणि तो माझा मामा होता. चिंचवडात त्याचा दवाखाना. कुणाच्या लग्नाची बोलणी निघाली की हा मध्येच विचारी, "छत्तीस गुण जुळले, छान! दोघांचं रक्त तपासलंत का?" मुलीचा बाप तोंडातलं पान तसंच ठेवून उठे. गरमी, परमा हे गुप्तरोगांचे, लोकांनी कुजबुजायचे शब्द, तर हा ते भाजीच्या भावासारखे मोठ्यानं बोले. "ही गरमी उन्हाची नव्हे, सब्जानं जायची नाही!" रोग्याचं नाव मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मी पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात कारकून. त्या कारखान्यावरून जाताना देवळात न जाणारा हा माणूस सायकलवरून उतरून टोपी काढी. मामी गेल्यापासूनच्या विक्षिप्तपणात मी तेही धरत असे.

पुढची हकिकत ज्याची त्यानंच आपणहून गावभर सांगितली, म्हणून लिहितो. पिंपळे गुरवचा शेतकरी. रक्तात गरमी निघाली. दोन मुलं पोटातच गेलेली, बायकोला पुन्हा दिवस गेलेले.

"मलाच टोचा, डागदर. तिला काय बी झालं न्हाई."

"सत्यनारायणाला एकटाच बसतोस काय?" मामा गरजला. "सुईसुद्धा जोडीनंच! नाहीतर तू बरा होऊन पुन्हा तिच्याकडूनच घेशील, आणि हेही पोर जाईल."

दुसऱ्या दिवशी दोघं आली ती थेट उपरण्या-पदराची गाठ मारून, हातात नारळ आणि केळी घेऊन. मी मामाकडे आलो होतो; मला हसू फुटलं. मामानं असं पाहिलं की ते मी गिळलं.

"हिला सांगितलंस?" नवऱ्याची मान खाली.

"सांगितलं," तीच म्हणाली. "मी बोलत न्हाई त्यांच्याशी. पन ह्ये वाचंल न्हवं?"

"वाचेल असं वाटतं. पण एकही सुई चुकवायची नाही, आणि मी सांगेपर्यंत लांब झोपायचं."

गाठ न सोडताच त्यानं दोघांना पेनिसिलिन टोचलं.

पोरगी झाली. रक्त स्वच्छ, आवाज खणखणीत. सत्यनारायण घातला, मामाबरोबर मीही गेलो, तेव्हा नवरा-बायको हटून बसली, "डागदर, पूजेला तुमीच बसा."

मामा कधी नव्हे तो हळू बोलला. "जोडीनं बसतात, बाबा." बाईनं पोरगी त्याच्या मांडीवर दिली. पूजा होईपर्यंत त्यानं ती कुणाला घेऊ दिली नाही.

परतताना कारखान्यापाशी तो नेहमीसारखा उतरला. "तुझी मामी बाळंतपणाच्या तापात गेली," तो टोपी हातात घेऊन म्हणाला. "तेव्हा हे औषध मिळत नव्हतं रे."

मीही सायकलवरून उतरलो, आणि टोपी काढली.