चारचं पाणी

काल उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या लॅपटॉपचा वास आला आणि मला अंबरनाथला मोरिवलीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवली.

तेव्हा मी अकरावीत होतो. पाणी सोडणाऱ्या काकांना विचारून अंबरनाथच्या कुठल्या भागात पाणी कधी येणार, ते मी माझ्या छोट्या वेबसाइटवर टाकायचो. ती घरातल्या जुन्या लॅपटॉपवरच चालायची. त्या दिवशी मोठी पाइपलाइन फुटली आणि माझी लिंक गावभर फिरली. साइट चालू केली की लगेच बंद पडायची. आई सुपाने लॅपटॉपला वारा घालत होती. चारला तासभर पाणी येणार हे मला माहीत होतं, पण लोकांना सांगायचं कसं?

तेवढ्यात कंपनीतून पप्पांचा फोन आला. "अरे, अख्ख्या खात्याला सांगितलंय. सगळे तुझीच साइट उघडतायत."

"पप्पा, नका ना उघडू. त्यानेच ती बंद पडतेय."

"आम्ही मदत करतोय तर बंद कशी पडेल? थांब, परत दाबायला लावतो सगळ्यांना."

मला रडू यायचंच बाकी होतं. चारला पाणी आलं आणि गेलं. साइट बंदच होती. कितीतरी घरांत हंडे रिकामे राहिले.

आता मी कॉलेजात हेच शिकतो. गर्दीने साइट पडते, हे पप्पांना कितीदा तरी समजावलं. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टलाही सांगायला हवं होतं. आम्हीच कमी पडलो."