कशावरूनबाई

बाईंना मराठीतला एकच शब्द नीट यायचा आणि तो त्या इतक्यांदा वापरायच्या की समोरच्याला घाम फुटायचा. 'कशावरून?' रिक्षावाला म्हणाला, पुढे रस्ता बंद आहे, की मागच्या सीटवरून आवाज यायचा, 'कशावरून?' भाजीवाली म्हणाली, मेथी आजचीच आहे. 'कशावरून?' पुण्यात असं विचारणाऱ्याला कुणी परकं मानत नाही. शूटिंगच्या मंडळींनी त्यांचं नाव कशावरूनबाई ठेवलं. ते कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "नाव चांगलं आहे का?" मी हो म्हणाले. पुढचा प्रश्न सांगायला नकोच.

बाई लंडनच्या. टीव्हीसाठी विज्ञानाच्या फिल्म काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सुरुवात टायपिस्ट म्हणून झाली. निवेदनं टाइप करताना त्या समासात 'हे कशावरून?' असं लिहून ठेवायच्या. त्यापायी नोकरी जाता जाता राहिली आणि पुढे त्याच खोडीवर त्या निर्मात्या झाल्या. ज्वालामुखी, लसी, पूल, सगळं दाखवून झालं होतं. आता चॅनलला त्यांचं वय दिसायला लागलं होतं. पुण्यातली फिल्म जमली तर नवी मालिका, नाहीतर घरी, असं त्यांना स्वच्छ सांगण्यात आलं होतं. मी त्यांची दुभाषी. विश्रांतवाडीहून स्कूटरवर त्यांना मागे बसवून मी रोज कात्रजच्या पलीकडे न्यायचे.

तिथे एका उताराखाली घरांची एक रांग होती आणि वर उताराला भेग पडली होती. बाईंनी उतारावर पांढरे रंगवलेले खांब रोवले. समोर पेटीत बंद केलेला कॅमेरा लोखंडी पायांवर नट-बोल्टनं आवळून बसवला. तो दिवसभर थोड्या थोड्या वेळानं एकेक फोटो काढायचा. पावसाळा संपला की पेटी उघडायची, सगळे फोटो भरभर दाखवायचे, म्हणजे डोंगर सरकताना डोळ्यांना दिसणार. सगळी फिल्म त्या एका दृश्यावर उभी होती. फक्त तोपर्यंत कॅमेरा केसभरही हलता कामा नये. एकदा मी त्याला पाठ टेकून डबा उघडला, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आत्ता डोंगर हलवलात." त्या दिवशी मला पोळी गोड लागली नाही.

मग चार दिवस पावसानं उसंत घेतली नाही. पाचव्या दिवशी सकाळी शेवटच्या घरातल्या सुशीलामावशी म्हणाल्या, "दार लागंना झालंय, फुगलंय." बाईंनी सवयीनं विचारलं, "कशावरून?" आणि वाकून पाहिलं. दार फुगलं नव्हतं, चौकट तिरकी झाली होती. म्हणजे घराखालची जमीन सरकत होती. आम्ही पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांना गाठलं. ते छत्री न मिटता म्हणाले, "काही होत नाही."

"कशावरून?"

"आजवर काही झालं नाही, त्यावरून."

बाईंनी घरोघरी जाऊन बाहेर पडायला सांगितलं. मी मराठीत सांगत होते. कुणी हलेना. भर पावसात कुणाच्या सांगण्यावरून घर सोडायचं? सुशीलामावशी कमरेवर हात ठेवून बाईंच्या समोर उभ्या राहिल्या. "बाई, रोज आम्हाला विचारता. आज मी विचारते. डोंगर येणार हाय, कशावरनं?"

बाई पाना घेऊन चिखलातून कॅमेऱ्याकडे निघाल्या. मी मागे धावले. "बाई, पेटी उघडली तर तो हलेल. तुमची फिल्म!" त्यांनी पाना बोल्टवर बसवला. "त्यांनी प्रश्न विचारलाय," त्या म्हणाल्या.

मावशींच्या खोलीत सगळे लॅपटॉपभोवती दाटले. पडद्यावर दिवस झरझर गेले आणि पांढरे खांब एकेक पाऊल टाकत खाली चालत आले. मग मावशी पुटपुटल्या, "आमच्याच घराकडं यायला लागलंय की," आणि त्यांनी आधी गॅसची टाकी उचलली.

दुपारपर्यंत सगळे रस्त्यापलीकडच्या शाळेत आले, आणि डोंगर जागचा हलेना. लोक चिडले. "बाईच्या फिल्मपायी आमची वरात काढली," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. दोघे टीव्ही आणायला परत निघाले, तर बाई हात पसरून रस्त्यात उभ्या राहिल्या. काहीच झालं नाही तर आपलं हसं होईल, ही भीती मला होती. आणि काही होईल, याची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा वाटत असताना तो आवाज आला. ट्रकमधून खडी ओतावी तसा, पण थांबेचना. आम्ही धावलो तेव्हा मावशींच्या घराच्या जागी माती होती. सगळी माणसं शाळेत होती. मी मावशींच्या गळ्यात पडून रडले. बाई शाळेच्या पायरीवर तोंड झाकून बसल्या होत्या.

लंडनहून चॅनलचा फोन आला. "डोंगर पडताना मिळाला का?"

"नाही. कॅमेरा उतरवला होता, आणि आम्ही शाळेत होतो."

ते दृश्य कॉम्प्युटरवर बनवू, असं त्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, "जे पाहिलं नाही ते मी दाखवत नाही." फिल्म बारगळली, मालिकाही गेली. लोहगावच्या विमानतळावर मी समजूत घालायला म्हणाले, "तुम्हाला दुसरी मिळेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कशावरून?" आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही जमलं नाही.

मालिका मिळाली नाहीच. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला. आई गेली, म्हणाली. शेवटी काही त्रास झाला नाही, असंही म्हणाली. माझ्या तोंडून मराठीच निघालं, "कशावरून?" आणि मी जीभ चावली.

तो शब्द त्या घरी केव्हाच पोहोचला होता.

"तिचा हात माझ्या हातात होता," ती म्हणाली.