खंडेनवमीला चालू पंप

मोशीच्या ज्योतीराम काळदात्यांना कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याला कान लावायची सवय. चाकणच्या एका गिअर कारखान्यात एकतीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर गेली, त्यामुळं माणसांपेक्षा यंत्रांचं दुखणं त्यांना लवकर कळायचं. स्वतःचं मात्र उशिरा कळलं. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनीच निदान केलं, "बेअरिंग गेलंय." डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन.

सहा वर्षं गोळ्यांवर निभावलं. मग गोळ्यांचं लोडशेडिंग सुरू झालं. गोळी घेतली की दोन तास लाइट, त्यानंतर अंधार. खुर्चीतून उठायचं तर पाय ऐकत नसत. शेवटी डॉक्टरांनी पंप दिला. कमरेच्या पट्ट्यात बसणारी एक डबी, तिच्यातून निघणारी बारीक नळी आणि नळीच्या टोकाला पोटाच्या कातडीखाली जाणारी सुई. सकाळी लावायचा, झोपताना काढायचा. दिवसभर औषध थेंबाथेंबानं आत.

नर्स समजावत होती आणि ज्योतीराम गालात हसत होते. "म्हणजे मशीन गार ठेवायचं कूलंट की! फिरत्या चाकावर तासातासाला बादली ओततं का कुणी? बारीक धार सोडतात. एवढं कळायला सहा वर्षं लागली व्हय तुमाला?" मग खालच्या आवाजात विचारलं, "फीड, म्हंजे धार, किती ठेवलीय?"

"आजोबा, बटणाला हात लावायचा नाही," नर्स म्हणाली, आणि पुढचं सगळं तिनं सुनेला, वर्षालीला शिकवलं.

पंप लागला आणि महिन्याभरात ज्योतीराम स्वतःच्या हातानं दाढी करायला लागले. पण त्यांची नजर होती खंडेनवमीवर. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा. पहिला नारळ ज्योतीरामांनी फोडायचा. निवृत्तीनंतरही तो मान त्यांचाच होता. गेल्या वर्षी नारळ उचलला आणि हात हवेतच अडकला. काका मनात काही म्हणतायत असं वाटून साठ माणसं डोळे मिटून, हात जोडून उभी राहिली. चार मिनिटांनी सुपरवायझर निरंजननं हळूच नारळ काढून घेतला. निरंजन त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. यंदा त्याचा फोन आला.

"काका, यंदा आम्हीच फोडू का? तुम्ही फक्त आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद द्यायला मी काय फोटोत गेलोय का? गाडी पाठव."

खंडेनवमीच्या सकाळी घरीही पाट मांडला. पाटावर मायक्रोमीटर, ड्रिल मशीन, बायकोचा, सावित्रीबाईंचा मिक्सर. तेवढ्यात ज्योतीरामांनी सदरा वर केला आणि पोटातली सुई काढली.

"अहो, हे काय करायलाव?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं. वर्षातनं एक दिस त्याला विश्रांती."

सावित्रीबाईंना ते पटलं. चाळीस वर्षं त्यांनीही या दिवशी मिक्सर लावला नव्हता, चटणी खलबत्त्यात. पंप पाटावर गेला. त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. आतल्या खोलीत वर्षाली कानाला हेडफोन लावून तळवड्याच्या ऑफिसची मीटिंग करत होती. तिला पत्ताही नव्हता.

गाडी चाकणला पोचेपर्यंत ज्योतीरामांचे लाइट गेले. शॉपच्या, म्हणजे मशीनखात्याच्या दारात त्यांचे पाय फरशीला चिकटले.

"या ना काका, आत या," निरंजन म्हणाला.

"येतो. जरा शॉप बघतो."

दहा मिनिटं ते शॉप बघत होते. मागं जमलेली माणसंही अदबीनं शॉप बघत उभी. शेवटी दोघांनी काखेत धरून त्यांना मशीनसमोर खुर्चीवर बसवलं. नारळ मांडीवर ठेवला, पण बोटं उघडेनात. निरंजननं घड्याळ पाहिलं. ज्योतीरामांनी ते पाहिलं. आज मान गेला की तो परत यायचा नव्हता.

इतक्यात स्कूटीवरून वर्षाली आली. एका हातात पंप, दुसऱ्यात नव्या सुईचं पाकीट, आणि गळ्यात ऑफिसचे हेडफोन तसेच.

"मामा, पाटावर ठेवायची वस्तू आहे का ही? कुंकू पुसता पुसता जीव गेला माझा!"

तिनं त्यांना खुर्चीसकट पार्टिशनमागं ओढून नेलं, जागा पुसली, सुई लावली, पंप चालू केला आणि खुर्ची परत बाहेर आणली. बारीक घरघर सगळ्यांना ऐकू आली, तसा निरंजनला चेव आला.

"काका, खंडेनवमीला मशीन चालू? एक वर्षी तुम्ही मालकांचा पंखासुद्धा बंद करायला लावला होता!"

माणसं हसली. नियम ज्योतीरामांचाच, तोंड कुठं लपवायचं? त्यांची नजर शॉपच्या टोकाला गेली. तिथं गिअर तापवायची भट्टी धडधडत होती आणि तिच्या दाराला हा भला थोरला हार.

"निरंजन, ती भट्टी का न्हाई विझवली?"

"काहीतरीच काय काका! भट्टी विझवली तर आतला माल फुकट जाईल."

"मग माझ्या आतला माल काय भंगार हाय?"

आता हसू निरंजनवर फिरलं. "राव, भट्टी निघाली की काकांकडं!" कुणीतरी ओरडलं, आणि झेंडूचा एक हार ज्योतीरामांच्या गळ्यात पडला. पंपाचं काम पंप करत होता. पाव तासानं मांडीवरची बोटं एकेक करून सुटली. ज्योतीराम उठले, चालत मशीनपाशी गेले, नारळ उचलला आणि लोखंडी ठोकळ्यावर एकच घाव घातला. दोन सरळ भकलं.

शिट्ट्या वाजल्या. निरंजन वाकून पाया पडला आणि म्हणाला, "काका, बसा आता. बाकीचे आम्ही फोडतो."

"बाकीचे किती?"

"मशीनमागं एक. एकवीस."

"आण ती पिशवी इकडं."

लेथ झाली, ड्रिल झालं, कॉम्प्रेसर झाला. फोर्कलिफ्टसमोर एक झाला. हजेरीच्या पंचिंग मशीनसमोरही एक फुटला, तेव्हा वर्षालीनं त्यांचा हात धरला.

"मामा, बास आता. माझी मीटिंग अजून चालूच आहे."

ज्योतीरामांनी पिशवीतला शेवटचा नारळ काढला आणि पार्किंगकडं निघाले. "चल. तुझी स्कूटी ऱ्हायली."