‘नाव स्वच्छ हाय,’ मी म्हणाले

हे मी अजून कुणापाशीच काढलेलं नाही. मालकांपाशीही नाही — ते अंथरुणाला खिळले तेव्हा रोज वाटायचं, आता सांगावं, हे तर पुढे कुणाला सांगायला उरणार नाहीत. तरी जीभ उचलली नाही. तुम्हाला सांगते. जरा लांबून येईन, चालेल ना? सरळ यायची हिंमत असती तर हे इतकी वर्षं पोटात राहिलं असतं का?

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती पुड्याच्या कागदावरून, आणि मोबाईल शिकले तो चुकत चुकत. देवगाव फाट्यावर आमचं रुखवताचं दुकान. सजवलेले नारळ, सुपारीचे भटजी, लोकरीची तोरणं — सगळा हात सुनंदाचा. सुनंदा माझी सून. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. दुकानात आम्ही दोघीच. लय हसायचो आम्ही तिथं, हेही सांगून ठेवते.

गावोगावच्या बायका फोनवर फोटो मागायला लागल्या, तेव्हा सुनंदा म्हणाली, आपली वेबसाईट करू. नाव तिनं ठरवलं होतं — कौसल्या. तिच्या आईचं. हे काम तिला आईनंच शिकवलेलं.

माझ्या अंगाचा भडका झाला. का? विहीणबाईनं माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. पण माझ्या घरच्या दुकानावर तिचं नाव — तोंडानं गोड बोलत राहिले आणि मनात म्हटलं, होऊ देणार नाही. मी म्हटलं, ‘सोयरधागा’ ठेवू. मला सुचलेलं, माझं स्वतःचं नाव. वेबसाईटसाठी ते नाव आधीच कुणीतरी घेऊन सोडून दिलेलं निघालं, आता पुन्हा विकायला होतं. सेलूचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काकू, जुनी गाडी घेताना कागद बघता न्हाई का, तसंच हाय हे. आधी हे नाव कुणाकडं होतं, तिथं काय चालायचं, बघा. त्या वेबसाईटची जुनी पानं इंटरनेटवर साठवलेली असत्यात, तारीख दाबली की उघडत्यात. लोक त्या नावाबद्दल काय लिहायलेत तेबी वाचा. शंका आली तर घेऊच नका." कसं बघायचं ते त्यानं दाखवलं. मी दोनदा करून घेतलं.

सुनंदाच्या हातात लोकर होती. म्हणाली, "आत्याबाई, तुमीच बगा. सोयरीक जमवताना पाहुण्यांच्या चार पिढ्या खोदून काढता, ह्या नावाचं काय घेऊन बसलात!"

मी बघितलं. नीट बघितलं — हे लक्षात ठेवा. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

जुनी पानं गुलाबी होती. पोरींचे फोटो, आणि खाली, लग्न जमवून मिळेल. मग नाव टाकून लोकांचं लिहिणं वाचलं. एकाला दाखवलेली पोरगी कुठं नव्हतीच. दुसऱ्याचं वऱ्हाड ज्या पत्त्यावर उतरलं तिथं मोकळं रान. आणि एकानं लिहिलेलं — ते मला अजून तोंडपाठ आहे — "मांडव घातला, हळद लागली, पोरगी आलीच न्हाई. माझ्या भावानं जीव दिला. सोयरधागावाले कुठंबी असू द्या, मी हुडकून काढीन."

बाजेवर बसून मी ते तीनदा वाचलं. आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? तांदूळ. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात ना? सुनंदा माहेरी उषा होती. मीच निवडलं सुनंदा. तांदूळ सारखे केले की उषा संपली, कुणी तिला त्या नावानं हाक मारायला येत नाही. मग ह्याचंही तसंच — आपण नारळ फोडू, हळद-कुंकू लावू, आधीचं पुसलं जाईल. अहो, पण लग्नात माणूस तेच राहतं आणि नाव बदलतं! इथं माणसं बदलत होती आणि नाव तेच राहत होतं. एवढं उलटं मला दिसलं नाही? दिसलं. दिसूनही मी त्यावर पदर टाकला, कारण नाही म्हटलं असतं तर कौसल्या आली असती.

"बगितलं का?" सुनंदानं विचारलं.

"बगितलं. नाव स्वच्छ हाय."

"नक्की ना?"

"आगं, माझ्यावर इस्वास न्हाई का तुझा?"

"तसं न्हाई ओ आत्याबाई," म्हणून ती हसली. झालं. नाव घेतलं. वेबसाईटवर दुकानाचा फोटो, फाट्याचा पत्ता, सुनंदाचा फोन. सगळं स्पष्ट.

लग्नसराई चालू होती. भर दुपार. मी दुकानाच्या मागच्या बाजूला नारळाला टिकल्या चिकटवत होते, मध्ये पडदा. मोटारसायकल थांबली. दोघं जण उतरले. एकाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा — नुसता दांडा, पातं नव्हतं. पडद्याच्या फटीतून मला दिसला. त्यानं विचारलं, "सोयरधागा ते हेच का?"

सुनंदा उठून उभी राहिली. "हो, या ना भाऊ! कुणाचं लग्न हाय?"

तेवढं वाक्य. तिला काय माहीत? त्या माणसाचं तोंड असं फिरलं — मी अजून झोपेत ते तोंड बघते. पहिला दांडा तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मागं ऐकू आला. "लग्न विचारती? लग्न?" दुसरा कमरेत. ती कपाटावर गेली, काच फुटली, आणि त्याच काचेत ती तोंडावर पडली. दुसरा माणूस लाथा घालत होता. नारळ, सुपाऱ्या, रक्त — सगळं एकात एक. ती ओरडत होती, "आत्याबाई! आत्याबाई!" मला. आईला नाही, मला.

आणि मी? मी ओळखलं होतं ते कोण आहेत. पडद्याबाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं — तिला सोडा, हे नाव मी घेतलंय, आम्ही ते लोक नाही. मी तोंडात पदर कोंबून पोत्याआड बसले.

फाट्यावरची माणसं धावली. एक जण पळाला, दांड्याचा माणूस सापडला. मग त्याला मारायला लागले. विटांनी, पान्यांनी, हाताला येईल त्यानं. रस्त्यावर ओढला त्याला. तेव्हा मी बाहेर आले — त्याच्या हातातला दांडा गेल्यावर, बघा. त्याचं डोकं फुटलेलं, एक हात उलटा पडलेला, पण तो बोलत होता. "माझ्या भावाला... सोयरधागावाल्यांनी..." माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, "काय म्हनायलाय रे? बोलू द्या त्याला."

मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. तोंडावरच. एकदा नाही. दात माझ्या डोळ्यांसमोर पडला, तरी मारली. लोकांना वाटलं, सासू सुनेसाठी पेटलीय. कुणी तर म्हणालं, "मारा मावशी, तुमचा हक्कच हाय." मी त्याला गप करत होते. तो पुढे बोलला असता, तर कुणीतरी विचारलं असतं, घेताना तपासलं नव्हतं का? माझ्या हातून मार सुरू झाला तसे बाकीचेही पुन्हा तुटून पडले. त्याचा जबडा आणि एक पाय कायमचा गेला. भाऊ गेलेला माणूस तो.

सुनंदाला परभणीला नेलं. खांदा जुळला. उजवा डोळा काढावा लागला.

नाव आधी कुणाचं होतं ते पोलिसांनी शोधून काढलं. ते जबाब घ्यायला आले तेव्हा मी खाटेजवळ उभी होते. पट्ट्यांतून ती म्हणाली, "आमच्या आत्याबाईंनी सगळं तपासलं होतं साहेब. तवा तिथं कायबी नव्हतं. नंतर कुणी घातलं असंल." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो.

गावात बायका कुजबुजल्या, काहीतरी असंल तिचंच, उगंच कोण मारतंय? माझ्या समोर बोलल्या. मी चहा दिला त्यांना.

गेल्या महिन्यात पिंगळीच्या बचतगटाच्या बायका आल्या. त्यांनाही वेबसाईटला असंच जुनं नाव घ्यायचंय. सुनंदा म्हणाली, "आमच्या आत्याबाईंकडून तपासून घ्या." अजूनही! मी मोबाईल हातात घेतला आणि तो निसटून खाली पडला. बायका हसल्या, वय झालं काकूंचं. सुनंदानं उचलून दिला.

म्हणून हे लिहिलं. मी खोटं बोलले, माझ्या मानासाठी. ती हाक मारत होती आणि मी लपले. ज्यानं खरं सांगितलं असतं त्याचं तोंड मी फोडलं.

माझी अक्षरं वाकडी येतात, त्यामुळे माझं लिहिलेलं सुनंदाच नीट उतरवून काढते. हेही तिच्याच पुढ्यात ठेवणार आहे. वाचताना ती मान उजवीकडे फिरवून कागद डाव्या डोळ्यासमोर धरते, आणि एकेक ओळीवर बोट ठेवते. मी समोर बसेन.