माझी उंची म्हशीनं खाल्ली

पोलीस भरतीच्या सकाळी मी टेम्पोत आडवी पडून जालन्याला गेले. आजारी नव्हते. ज्यांची उंची काठावर असते ती पोरं-पोरी आमच्याकडं अशीच जातात. माणूस झोपून उठला की थोडा उंच भरतो. बसला, धक्के खाल्ले की मणके दबतात आणि उंची उतरते, असं भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीच्या सरांनी सांगितलं होतं. म्हणून मागच्या हौद्यात गोधडी अंथरली, मी आकाशाकडं तोंड करून पडले आणि आई माझी मान दोन्ही हातांनी धरून डोक्याशी बसली.

टेम्पो गल्लीतल्या मामांचा. मंठ्याच्या पुढं रस्ता उखडलेला.

"मामा, हळू घ्या की जरा!" आई ओरडली.

"अंडे भरले का पोरगी?" मामा पुढून म्हणाले. "इतकं जपून तं म्या टमाटेबी नेले न्हाईत कधी!"

"टमाटे पोलीस होत न्हाईत, मामा," मी पडल्या पडल्या म्हणाले. आई हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसणं.

आमच्या दोघींत ठरलं होतं. मी भरती झाले तर लग्नाचं नाव कुणी काढायचं नाही. नाही झाले तर मावशीनं आणलेलं अंबडचं स्थळ. म्हणून वर्षभर पहाटे मी गावच्या डांबरीवर पळले. गोळाफेक केली. उंची वाढते असं सरांनी सांगितलं म्हणून कडुलिंबाच्या फांदीला लटकले. दुपारी मंठ्याच्या स्टँडवर, अंगणवाडीच्या आहारासाठी भांडणाऱ्या आमच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. 'आमच्या लेकरांचा घास कुणी खाल्ला?' ही ओळ माझी. अंगणवाडीचा आहार ठेकेदारांनी खाल्ला, असं आम्ही खाली मोठ्या अक्षरात छापायचो. लोक पत्रक घ्यायचे, त्यात भजी गुंडाळायचे.

मैदानावर पळण्याआधी माप होतं. मला पळण्याची घाई होती, कारण पळण्यात मला कुणी हरवत नव्हतं. अनवाणी उभी राहिले. पट्टी डोक्यावर टेकली.

"टाचा खाली," माप घेणाऱ्या ताई म्हणाल्या.

"खालीच आहेत."

त्यांनी पुन्हा पट्टी टेकवली. मी श्वास कोंडला, मान ताणली. "बसत न्हाई गं, बाई," त्या हळूच म्हणाल्या. मी अपील केलं, पुन्हा माप झालं, पुन्हा तेच. दीड सेंटिमीटर कमी. एवढ्यासाठी मला पळूच दिलं नाही. वाईट याचं वाटलं की त्या ताईंशी भांडताही येईना. माप खरं होतं.

बाहेर येऊन सरांना फोन केला. "अगं, उंची काय माझ्या हातात असते का?" म्हणाले. फी घेताना मात्र "होऊन जाईल, बिलकुल टेन्शन नको" म्हणाले होते.

येताना मी हौद्यात बसून आले. आता धक्के बसले काय, नाही बसले काय. मामांनीही गाडी सुसाट आणली.

संध्याकाळी आई म्हशीखाली बसली होती. मी खुंट्याजवळ उभी राहून विचारलं, "लहानपणी मला काय खायला घालायची तू?"

"काय म्हंजे? भाकर. वरण असलं तं वरण."

"अंगणवाडीतून शिऱ्याची, उपम्याची पाकिटं यायची. ती?"

धार काढता काढता तिचा हात थांबला. "तू खात न्हवती ती. शिजवलं की लगदा व्हायचा, वास मारायचा. थुकून द्यायची तू."

"मंग?"

"मंग काय, फेकून देऊ? पाण्यात कालवून म्हशीफुडं ठिवायची. गपागप खायची ती. दूध वाढायचं."

"आन् ते दूध?"

"डेअरीला."

"मला?"

"चहात असायचंच की."

"आई, चहा कोरा असायचा आपल्यात!"

ती उसळली. "ए, आवाज नको चढवू! तुझे पप्पा मिलमधलं काम सुटून घरी बसले तव्हा तेल-मीठ कुठून आलं? तुझी शाळा कुठून आली? दुधातूनच ना? सगळ्या गल्लीच्या म्हशी तेच खायच्या. म्या एकलीनं न्हाई घातलं."

म्हणजे माझा घास ठेकेदारानं नाही, आमच्या म्हशीनं खाल्ला. मी वर्षभर स्टँडवर घसा कोरडा करत होते आणि उत्तर आमच्याच गोठ्यात रवंथ करत होतं.

नंतर संघटनेकडून गेले तेव्हा अधिकारी लोकांच्या बैठकीत मी ऐकलं आहे: बायका अडाणी, आहार जनावरांना घालतात. मी त्यांना तोंडावर सांगितलं, अडाणी नाहीत. म्हशीचा खुराक कमी पडला तर त्याच आठवड्यात दूध आटतं आणि घरात तेल येत नाही. पोराचा कमी पडला तर कुणाला काही दिसत नाही. पोर खेळतं, हसतं, शाळेत जातं. ते दिसतं वीस वर्षांनी, पट्टीखाली. ज्या घरात पुढच्या आठवड्याचा भरवसा नाही, ते घर वीस वर्षांचा विचार कशानं करील? आणि ज्यांनी ती पाकिटं बनवली, त्यांनी एकदा तरी स्वतःच्या लेकराला चारून बघितली होती का? भरतीला मात्र पट्टी सगळ्यांना एकच. गरीब घरच्या पोरी तिथं गठ्ठ्यानं गळतात आणि आपल्याला वाटतं, देवानंच बुटक्या घडवल्या.

हे मला पटतं, आणि मीच ते बोलते. तरी आईला मी माफ केलेलं नाही. त्या संध्याकाळी तर तिच्याकडं बघवतही नव्हतं. तिला मी नकोशी होते असं नाही. पण मी आणि म्हैस एका दावणीला होतो, आणि तिनं म्हशीला निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडत होते. मावशीचा फोन आला. आई ओसरीत बसून बोलत होती.

"न्हाई ना झालं... आता काय करावं... व्हय, अंबडचं चालंल. सांगून दे त्यायला." मग थोडा वेळ ती ऐकत राहिली. तिकडून काहीतरी विचारलं असावं. आईनं माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"उंची ना?" ती म्हणाली. "उंचीला काही अडचण न्हाई."